लेकराचे डोळे आले : मेडिकलच्या काउंटरवरून काय आणावं, काय परत करावं

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते. सुरत, पुणे, नाशिककडचे भाऊबंद गावी जमतात. एका घरात पंचवीस माणसं, मोजके टॉवेल आणि सगळ्यांच्या डोक्याखाली त्याच उशा. दमट हवेत डोळ्यांची साथ पसरायला याहून वेगळं काही लागत नाही. रोटांचा प्रसाद संपेपर्यंत दोन-चार लेकरांचे डोळे लाल होतात आणि घरातलं कुणीतरी गावातल्या मेडिकलवर जाऊन म्हणतं, "पोऱ्याना डोया उनात, ड्रॉप द्या." २०२३ च्या पावसाळ्यात सगळ्या महाराष्ट्रात अशी मोठी साथ आली, तेव्हा चोपड्यापासून शहाद्यापर्यंत हेच वाक्य ऐकू येत होतं.

त्या वाक्यानंतर काउंटरवर ज्या वस्तू येतात, त्यांचं हे परीक्षण आहे. सोबत बाळाच्या डोळ्यांसाठी मिळणाऱ्या सरकारी सेवेचंही आहे. कंपन्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. डोळ्यांच्या औषधांत एकाच नावापुढे एखादं अक्षर जोडलं की आतलं औषध बदलतं, म्हणून नाव पाठ करण्यात अर्थ नाही. वाचायचं ते बाटलीवरच्या बारीक अक्षरातलं घटकाचं नाव.

त्याआधी एक प्रश्न येतो, आणि तो दुकानदारानं विचारला नाही तर आपण होऊन सांगावा : लेकरू किती दिवसांचं आहे?

२८ दिवसांच्या आतलं बाळ

बाळ २८ दिवसांच्या आतलं असेल, पापणी सुजली असेल आणि डोळ्यातून पू येत असेल, तर काउंटरवरची एकही बाटली त्याच्यासाठी नाही. दुकानदारानं बाटली दिलीच तर परत करावी आणि बाळाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं. रात्री दिसलं तर सकाळची वाट पाहू नये.

कारण असं. जन्माच्या वेळी आईच्या जननमार्गातले जंतू बाळाच्या डोळ्यात जाऊ शकतात. त्यातला गोनोरियाचा जंतू सगळ्यात घातक. तो बहुधा जन्मानंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान दिसतो. दोन्ही पापण्या टरारून सुजतात, पापणी उघडली की दाट पिवळा पू बाहेर येतो, पुसला तरी थोड्या वेळात पुन्हा भरतो. हा जंतू धडधाकट बुबुळातूनही आत शिरतो आणि एखाद्या दिवसात बुबुळाला भोक पडू शकतं. त्यावर ड्रॉप पुरत नाही. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं इंजेक्शन लागतं, किलोमागे २५ ते ५० मिलिग्रॅम, एकच मात्रा. बाळाला कावीळ असेल तर तेही टाळून सेफोटॅक्सिम द्यावं लागतं. शिवाय पू साचू नये म्हणून निर्जंतुक सलाइननं डोळा पुन्हा पुन्हा धुवावा लागतो. यातलं घरी काहीही होण्यासारखं नाही.

दुसरा जंतू क्लॅमिडियाचा. तो साधारण पाचव्या ते चौदाव्या दिवशी डोकं वर काढतो. सूज कमी, पाणी जास्त, कधी पू रक्ताळलेला. इथं ड्रॉप फसवतो. डोळा स्वच्छ दिसू लागतो, घरचे निर्धास्त होतात, पण जंतू बाळाच्या नाका-घशात राहतो आणि पुढच्या एक ते तीन महिन्यांत खोकला, धाप आणि न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून यावर तोंडावाटे औषध देतात, एरिथ्रोमायसिन १४ दिवस किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिन ३ दिवस, मात्रा वजनावर. एरिथ्रोमायसिन घेणाऱ्या कोवळ्या बाळाला जोरानं उलट्या होऊ लागल्या तर लगेच कळवावं, कारण जठराचं तोंड आवळण्याचा धोका त्या औषधानं वाढतो. हे दोन्ही आजार लैंगिक संबंधातून पसरतात, म्हणून आई आणि वडील दोघांनाही उपचार लागतात. कितीतरी बायकांना हा संसर्ग कसलंही लक्षण न दिसता असतो, त्यामुळे बाळंतिणीला बोल लावण्याचं काही कारण नाही.

पापणीच्या आसपास पाण्याचे बारीक फोड दिसले तर ते नागिणीच्या जातीच्या विषाणूचं लक्षण असू शकतं. तिथंही घाई तेवढीच.

आता अडचण. आपल्याकडे सव्वा महिना बाळ उंबऱ्याबाहेर काढत नाहीत. डोळ्यांच्या दृष्टीनं सगळ्यात धोक्याचे दिवस नेमके त्याच सव्वा महिन्यात येतात. रिवाज मोडायला मन धजत नसेल, तर निदान आशाताईला घरी बोलवा. त्यांना तर यायचंच असतं.

आशाताईची भेट आणि १०८

सेवा म्हणून पाहिलं तर आशाताईंच्या भेटींचं वेळापत्रक फार विचारानं आखलेलं आहे. दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट असते, घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. वर सांगितलेले दोन्ही जंतू ज्या दिवसांत दिसतात, त्यात पहिल्या तीन भेटी बरोबर बसतात. कमी पडतं ते इतकंच की बाळंतिणीची खोली अंधारी ठेवलेली असते, बाळ झोपलेलं असतं आणि डोळे मिटलेले. वजन होतं, ताप पाहिला जातो, डोळा राहून जातो. तेव्हा बाळाला दाराजवळच्या उजेडात घ्या आणि ताईंना सांगा, दोन्ही पापण्या उघडून बघा.

न्यायची वेळ आली तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात तपासणी, औषध आणि वाहन मोफत आहे. तातडीला १०८. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, बाळाचा डोळा आणि बाळाचं शरीर दोन्ही पाहणारे डॉक्टर तिथं एका छताखाली असतात. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरून घाट उतरून यायचं म्हटलं तर अर्धा दिवस जातो, म्हणूनच तिथं "उद्या बघू" परवडत नाही.

प्रत्येक चिपड म्हणजे संकट असतं असं मात्र नाही. पुष्कळ बाळांची अश्रूनलिका जन्मतः नाकाच्या बाजूला बंद असते. अशा बाळाचा पांढरा डोळा पांढराच असतो, पापणी सुजत नाही, पण डोळ्यात पाणी तरळत राहतं आणि सकाळी चिपडं धरतात. डॉक्टरांनी एकदा पाहून हेच आहे म्हटलं की उपाय बोटाचा. नख कापा, हात धुवा, करंगळीचं टोक डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर नाकाच्या हाडाला टेकवा आणि नाकाच्या कडेनं खाली दाबत न्या. दाब इतका की नखाखालचं बोट पांढुरकं व्हावं. नुसतं कातडीवरून बोट फिरवून उपयोग नाही. एका वेळी ५ ते १० वेळा, दिवसातून तीन-चारदा. दहातल्या नऊ बाळांची नलिका वर्षाच्या आत आपोआप सुटते. त्याच जागी लाल, कडक, दुखरा फुगा दिसला तर मालिश थांबवा आणि दवाखाना गाठा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बाळाचे टपोरे डोळे पाहून घरात कौतुक होतं. पण टपोऱ्या डोळ्यांतून सतत पाणी येत असेल, बाळ उजेडात डोळे घट्ट मिटत असेल आणि बुबुळ धुरकट दिसत असेल, तर ते जन्मजात काचबिंदूचं लक्षण असू शकतं. त्यावर ड्रॉप टाकत बसलं तर नजर जाते.

मोठं लेकरू : आधी डोळा वाचा, मग बाटली

महिन्यावरच्या मुलांत चित्र वेगळं. विषाणूनं डोळे आले असतील तर पाण्याची धार लागते, डोळ्यात खडा टोचल्यासारखं वाटतं, बहुधा सर्दी असते, कानापुढे छोटी गाठ लागते. एका डोळ्यात सुरू होऊन दोन दिवसांत दुसऱ्यात जातं, तीन ते पाच दिवस वाढतं, आठवडा ते पंधरा दिवसांत उतरतं. जिवाणूनं आले असतील तर दिवसभर पिवळा-हिरवा पू येत राहतो आणि पापण्या एकमेकींना चिकटतात. नुसती सकाळी चिकटलेली पापणी मात्र दोन्हींत दिसते, तिच्यावरून निदान करू नये. पू असलेलं लेकरू कान ओढत असेल तर कानही दाखवा. तोच जंतू कानात गेलेला असतो आणि मग तोंडावाटे औषध लागतं. ॲलर्जीत सगळ्यात मोठी खूण म्हणजे खाज.

पावसाळी साथ जवळजवळ नेहमी विषाणूची असते. त्यावर अँटिबायोटिक ड्रॉपचा परिणाम होत नाही. तरी दुकानातून सर्वांत जास्त तोच जातो, आणि आठव्या दिवशी डोळा आपोआप बरा झाला की श्रेय ड्रॉपला मिळतं.

स्टेरॉईडची जोड बाटली : परत करा

आता या परीक्षणातली सर्वांत वाईट वस्तू. अँटिबायोटिक आणि स्टेरॉईड एकत्र असलेले ड्रॉप. मॉक्सिफ्लॉक्सासिनसोबत डेक्सामेथासोन, टोब्रामायसिनसोबत डेक्सामेथासोन, क्लोरॅम्फेनिकॉलसोबत डेक्सामेथासोन. नावाच्या शेवटी 'डी', 'डीएम', 'डीएक्स' अशी शेपटी असते, पण शेपटीवर विसंबू नका, घटक वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल, फ्लुओरोमेथोलोन, डायफ्लुप्रेडनेट. यातलं एकही नाव दिसलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी ते लिहून दिलेलं नसेल, तर बाटली परत.

हे ड्रॉप लोकांना आवडतात, कारण दुसऱ्याच दिवशी लाली उतरते. लाली म्हणजे शरीराची लढाई असते आणि स्टेरॉईड ती लढाई थांबवतं, जंतू मारत नाही. डोळ्यात नागिणीच्या जातीचा विषाणू असेल तर त्याला मोकळं रान मिळतं आणि बुबुळावर व्रण पडतो. आठवडे-महिने टाकत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो, भिंगावर मोतीबिंदू धरतो. लहान मुलांत दाब मोठ्यांपेक्षा लवकर वाढतो आणि लेकरू काही सांगत नाही. लेबलवर उभी लाल रेघ असते ती याचसाठी : चिठ्ठीशिवाय विकू नये. डॉक्टर विशिष्ट कारणासाठी, मोजक्या दिवसांसाठी स्टेरॉईड देतात ते योग्यच आहे. घात होतो तो मोठ्या मुलाची उरलेली बाटली धाकट्याला वापरण्यात आणि संपली की चिठ्ठीशिवाय नवी आणण्यात.

साधे अँटिबायोटिक : ड्रॉप की मलम

डॉक्टरांनी जिवाणूचा संसर्ग आहे म्हणून साधं अँटिबायोटिक लिहिलं, तर तीन नावं जास्त दिसतात. मॉक्सिफ्लॉक्सासिन ०.५ टक्के दिवसातून तीनदा, सहसा सात दिवस. सोय म्हणून हे उत्तम, कारण शाळेत जाणाऱ्या लेकराला सकाळ-दुपार-रात्र जमतं. टोब्रामायसिन ०.३ टक्के दर चार तासांनी. क्लोरॅम्फेनिकॉल ०.५ टक्के जुनं आणि चांगलं औषध, पण पहिले दोन दिवस दर दोन तासांनी टाकावं लागतं आणि बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात आणि वीज गेलेली, अशा घरात ते टिकत नाही. दुकानातही ते फ्रिजमधून काढून दिलं का, हे बघावं.

दोन-तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी आमची पसंती मलमाला. रडणाऱ्या लेकराच्या डोळ्यातला ड्रॉप अश्रूंबरोबर गालावर येतो, मलम टिकतं. क्लोरॅम्फेनिकॉल १ टक्क्याचं मलम एकेका वापराच्या छोट्या कॅप्सूलमध्येही मिळतं. टोक कापायचं, खालच्या पापणीच्या आत पिळायचं, उरलेलं फेकायचं. एकाची बाटली दुसऱ्याला जात नाही हा त्याचा मोठा गुण. ती गिळायची गोळी नव्हे हे मात्र घरात सगळ्यांना सांगून ठेवा. मलमानंतर काही वेळ धूसर दिसतं, त्यामुळे झोपण्याआधी घातलेलं बरं.

"लाली लगेच घालवणारे" ड्रॉप लहान मुलं असलेल्या घरात आणूच नयेत. त्यात बहुधा नॅफाझोलिन असतं, ते रक्तवाहिन्या आवळून डोळा पांढरा दाखवतं, परिणाम ओसरला की लाली परत येते. खरा धोका निराळा. खेळता-खेळता लेकरानं त्यातलं एक-दोन मिलिलिटर जरी गिळलं, तरी गुंगी येते, नाडी मंदावते, श्वास अडखळतो.

गुलाबपाणी त्वचेसाठी असतं, ते निर्जंतुक नसतं. काजळ-सुरम्यात शिसं असू शकतं. मध, तुरटीचं पाणी, बाईचं दूध, हळदीत भिजवलेलं फडकं, यातलं काहीही डोळ्यात नको. आईचं दूध बाळाच्या पोटासाठी अमृत आहे, पण पू झालेल्या डोळ्यात ते साचतं आणि दवाखान्याची वेळ लांबते.

कापसाच्या मुलखातला कापूस

खानदेशात घराघरात कापूस असतो. वाती वळायला तो छान, डोळे पुसायला नाही. वेचलेल्या कापसात धूळ, पाचोळ्याचे कण आणि फवारणीचे अंश असतात, तंतू पापणीत अडकतात. मेडिकलमधली निर्जंतुक गॉजची छोटी पाकिटं घ्या. सगळ्या यादीत कमी पैशात जास्त उपयोगाची वस्तू हीच. ती नसेल तर जुन्या मऊ सुती धोतराचे तुकडे दहा मिनिटं उकळून, उन्हात वाळवून, स्वच्छ डब्यात ठेवा.

पुसताना उकळून कोमट केलेलं पाणी घ्या. चिपड वाळलेलं असेल तर ओला तुकडा मिटलेल्या डोळ्यावर दोन मिनिटं ठेवा, ओढून काढू नका. नाकाकडून कानाकडे एकदा पुसा आणि तुकडा टाकून द्या. पुढच्या वेळी नवा, दुसऱ्या डोळ्याला वेगळा. साबणानं हात आधीही धुवायचे, नंतरही. डोळ्यांची साथ आणणाऱ्या अ‍ॅडिनोव्हायरस या विषाणूवर नुसतं सॅनिटायझर पुरेसं चालत नाही आणि तो टॉवेल, दाराची कडी, मोबाइल यांवर कित्येक दिवस टिकतो.

बाटली कशी उघडायची

पुष्कळशा ड्रॉपच्या बाटल्यांचं तोंड बंदच येतं. झाकणाच्या आत काटा असतो, झाकण शेवटपर्यंत घट्ट फिरवलं की बारीक भोक पडतं. लोक ते न कळल्यानं सुईनं किंवा सेफ्टी पिननं टोचतात. मग भोक मोठं होतं, एका दाबात तीन-चार थेंब पडतात, पाच मिलिलिटरची बाटली चार दिवसांत संपते, आणि पिनवरचे जंतू औषधात जातात.

थेंब एकच पुरतो. डोळ्यात त्याहून जास्त मावतच नाही, उरलेलं गालावर येतं किंवा नाकावाटे घशात उतरतं. लेकराला दुपट्यात गुंडाळून आडवं करा, खालची पापणी ओढा, खोबणीत थेंब सोडा, टोक कुठंही टेकू देऊ नका. डोळे आवळून घेतले तर जबरदस्ती नको. मिटलेल्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब ठेवा, डोळा उघडला की आत जातो. मग त्या कोपऱ्यावर मिनिटभर हलका दाब द्या. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, मलम शेवटी. उघडलेल्या बाटलीवर तारीख लिहा, चार आठवड्यांनी उरलेलं फेका. ड्रॉप गाडीच्या डिकीत किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नका.

उन्हाळ्यातली खाज

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास, कोरड्या फुफाट्यात, पाच ते पंधरा वर्षांची मुलं, त्यातही मुलगे, डोळे चोळत बसतात. चिकट दोऱ्यासारखा स्राव, उजेड सोसवत नाही, दरवर्षी त्याच महिन्यांत. ही साथ नव्हे, ही ॲलर्जी आहे आणि ती दुसऱ्याला लागत नाही. ओलोपाटाडिन ०.१ टक्के, तीन वर्षांवरच्या मुलांना दिवसातून दोनदा, सहा ते आठ तासांच्या अंतरानं, हे यासाठी चांगलं औषध. त्यासोबत गार पाण्याची पट्टी पाच-दहा मिनिटं आणि कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोजचे कृत्रिम अश्रू, म्हणजे डोळा ओलसर ठेवणारे ड्रॉप. विषाणूच्या साथीतही आराम देण्यासाठी आम्ही कृत्रिम अश्रूंनाच पहिला क्रमांक देऊ, शक्यतो प्रिझर्वेटिव्ह नसलेल्या एकेका वापराच्या नळ्या. चोळण्याची सवय मात्र सोडवावीच लागते, वर्षानुवर्षं चोळून बुबुळ पातळ होतं आणि शंकूसारखं पुढे येतं. वरच्या पापणीच्या आत खडबडीत गाठी झालेल्या असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरांशिवाय भागत नाही.

कोणत्याही वयात काउंटर सोडून थेट डॉक्टरांकडे न्यायची लक्षणं अशी : डोळा खूप दुखतो, उजेड अजिबात सोसवत नाही, नजर धूसर होते, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो, पापणी सुजून ताप येतो आणि डोळा फिरवताना दुखतं. लस न घेतलेल्या लेकराला ताप, पुरळ आणि लाल डोळे असतील तर गोवर समजून न्या. तिथं अ जीवनसत्त्वाची मात्रा नजर वाचवते, वर्षावरच्या मुलाला दोन लाख युनिट, लागोपाठ दोन दिवस, दवाखान्यातच.

राहिला काळा चष्मा. साथीत फुटपाथवर तो खूप खपतो. उजेडाचा त्रास कमी करतो, हात डोळ्याला लागणं थोडं टळतं, म्हणून घ्यायला हरकत नाही. पण डोळ्यांत पाहिल्यानं साथ लागत नाही आणि चष्म्यानं थांबतही नाही. ती हातानं, टॉवेलनं, उशीच्या अभ्र्यानं लागते. पाणी आणि पू थांबेपर्यंत लेकरू शाळेत, अंगणवाडीत पाठवू नका, त्याचा टॉवेल वेगळ्या खुंटीला टांगा आणि अभ्रा रोज बदला.